वस्त्राखाली लपवलेलं पुस्तक

  आजचा विषय संयोजकांनी दिलेला नाही, आम्ही मागून घेतला. त्यावरून गेले काही महिने आमचं एका ठिकाणी भांडण चालू आहे, आणि घरात बसून भांडण्यापेक्षा चार लोकांपुढे मांडलं तर आपली बाजू कुठे लंगडी आहे ते लवकर कळतं.

ठिकाण म्हणजे आमच्या गावातलं एक जुनं वाचनालय. नाव सांगत नाही, कारण त्याच्या कार्यकारिणीवर आम्हीच आहोत. किशोर आणि युवा विभागासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढतो, तिच्यात तीस-चाळीस पुस्तकं येतात. यंदा आमच्या तरुण चिटणिसांनी ठराव आणला, की ही रक्कम पुस्तकांऐवजी पुस्तकांवरच्या व्हिडिओंसाठी वापरावी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "सर, कपाटात पुस्तकं आहेतच. त्यांना हात लावणारं कुणी नाही. मुलं मोबाइलवर आहेत, तर पुस्तकांनाच तिकडे जावं लागेल."

आम्ही विरोधात मत दिलं. ठराव एका मतानं पडला. सभा संपली तेव्हा आम्हाला जिंकल्यासारखं वाटलं, घरी पोचेपर्यंत ते वाटेनासं झालं. कारण चिटणिसांचं दुसरं वाक्य खरं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम कपाटाशी जाऊन व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' काढली. पुस्तकाच्या मागच्या बाजूला तारखांचे शिक्के मारायचा कागद चिकटवलेला असतो ना, त्यावरचा शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा होता. सहा वर्षं हे पुस्तक तिथे उभं होतं आणि आम्ही दर वर्षी अहवालात 'ग्रंथसंपदा' असा शब्द लिहीत होतो.

'बनगरवाडी'च का, तर ठरावासोबत चिटणिसांनी पदरच्या पैशानं एक नमुना करून आणला होता. 'बनगरवाडी'चा ट्रेलर. सिनेमाचा असतो तसा पुस्तकाचा. तो आधी सांगतो, कारण पुस्तकांचे व्हिडिओ म्हटलं की प्रकाशकांच्या, शाळांच्या, वाचनालयांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतो तो हाच प्रकार.

पन्नास सेकंद. सुरुवातीला उंचावरून दिसणारं हिरवंगार कुरण. त्यावर पांढरीशुभ्र, गुबगुबीत मेंढरं. पाठीमागे बासरी. मग काळ्या पडद्यावर एकेक शब्द उमटतो: एक गाव, एक मास्तर, एक संघर्ष. बासरी थांबते, ढोल वाजतो, मुखपृष्ठ येतं. खाली वाचनालयाचा पत्ता.

आता ज्यांनी 'बनगरवाडी' वाचली आहे ते हसतील. हे माणदेशातलं पुस्तक आहे. पाऊस न पडणं हा त्या पुस्तकातला फार मोठा प्रसंग आहे. दुष्काळानं ती वस्ती उठते, माणसं आणि जनावरं वाट फुटेल तिकडे जातात. तिथे हे हिरवं कुरण कुठून आलं? आणि आपल्या दख्खनी मेंढरांचा रंग बहुतेक काळा. ही पांढरी मेंढरं इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या कुठल्या तरी परदेशी चित्रणातली. चिटणिसांना आम्ही हे म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "सर, मुलांना काय कळतंय मेंढरांचं?" त्यांना कळत नाही हे मान्य. पण पुस्तक वाचून कळणार होतं. आता पुस्तक उघडलं तरी डोळ्यांपुढे ही पांढरी मेंढरंच येणार.

म्हणजे आमची तक्रार ट्रेलर खोटा आहे एवढीच नाही. काळी मेंढरं आणि खरा माणदेश दाखवला असता तरी ती पुरती गेली नसती. ट्रेलर हा मुळात सिनेमाचा. सिनेमाच्या ट्रेलरमध्ये सिनेमाचाच तुकडा असतो. तीच माणसं, तोच प्रकाश, तेच संगीत. दुकानात मिठाईचा तुकडा चाखायला देतात तसा. पुस्तकाच्या ट्रेलरमध्ये पुस्तकाचा कणभरही तुकडा नसतो. पुस्तक शब्दांचं, ट्रेलर चित्रांचा. चिवड्याची चव कळावी म्हणून पेढ्याचा तुकडा हातावर ठेवण्यातला प्रकार. त्यात आणखी एक नुकसान होतं. वाचणाऱ्याच्या वाट्याचं काम, म्हणजे चेहरे, वस्ती, उजेड हे मनात उभं करणं, ते ट्रेलर आधीच उरकून टाकतो. अमोल पालेकरांनी 1995 साली 'बनगरवाडी'वर चित्रपट केला, त्याची गोष्ट वेगळी. तो एका कलावंतानं केलेला अर्थ आहे, तो पुस्तकाशेजारी स्वतंत्र उभा राहतो. ट्रेलरला असं कुठे उभंच राहायचं नसतं.

इथवर आमची बाजू भक्कम होती. ती ढासळली घरात.

आमची नात सतरा वर्षांची आहे. एका संध्याकाळी ती कोपऱ्यात बसून मुसमुसत होती. हातात जाडजूड इंग्रजी कादंबरी. 'द साँग ऑफ अकिलीज', लेखिका मॅडलिन मिलर. आम्ही विचारलं, हे कुठून मिळालं? तिनं मोबाइल पुढे केला. एक मुलगी, तिच्याच वयाची, कॅमेऱ्यासमोर तेच पुस्तक छातीशी धरून रडते आहे. डोळ्यांतलं काजळ गालावर आलं आहे. गोष्ट सांगत नाही, लेखिकेविषयी काही नाही. व्हिडिओ संपतो. आम्ही म्हणालो, "हे काय? कुणी रडलं म्हणून पुस्तक घ्यायचं?" ती डोळे पुसत म्हणाली, "आजोबा, तुम्ही आधी वाचा, मग बोला."

वाचलं. बोलायची पात्रता यावी म्हणून थोडी माहितीही काढली. मिलर या प्राचीन ग्रीक आणि लॅटिन शिकलेल्या, शाळेत त्या भाषा शिकवणाऱ्या बाई. ही कादंबरी लिहायला त्यांना दहा वर्षं लागली. 'इलियड'मधल्या अकिलीसची गोष्ट त्याचा जिवलग पॅट्रोक्लस सांगतो आहे अशी तिची रचना आहे. 2011 मध्ये ती आली, 2012 मध्ये तिला ब्रिटनमधला ऑरेंज पुरस्कार मिळाला, बरी विकली गेली आणि चांगली पुस्तकं जातात तशी हळूहळू मागच्या फळीवर गेली. मग 2020 मध्ये टिकटॉकवर मुलामुलींनी रडवणाऱ्या पुस्तकांचे व्हिडिओ करायला सुरुवात केली, त्यांत ही कादंबरी होती. 2021 मध्ये, प्रकाशनानंतर दहा वर्षांनी, ती न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत होती. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या पुस्तकांच्या दुकानांत अशा पुस्तकांची वेगळी टेबलं मांडली गेली. त्या टेबलांवर सगळं सोनंच होतं असं नाही. बरंच पितळही होतं, आजही असतं. पण होमरच्या महाकाव्यातून निघालेली कादंबरी इतक्या मुलांना रील पाहता पाहता भेटावी, हे आमच्या पिढीतल्या कुठल्याही वाचन-चळवळीला जमलेलं नाही.

भारतात टिकटॉकवर बंदी आली ती 29 जून 2020 ला. म्हणजे ही लाट नीट उठायच्या आतच आपल्याकडचं ते दार बंद झालं. पण लगेच जुलैत इन्स्टाग्रामचे रील आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले. पाणी दुसऱ्या वाटेनं आमच्या नातीपर्यंत पोचलं.

आता आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. आमच्यापुढे प्रश्न असा, की चित्रं, संगीत, पत्ता सगळं असलेल्या ट्रेलरनं वाचनालयातलं एक पुस्तक हललं नाही, आणि काहीही न सांगणाऱ्या रडक्या व्हिडिओनं आमच्या घरात साडेतीनशेच्या वर पानं वाचली गेली. हे कसं?

आमची पहिली प्रतिक्रिया प्लेटोची होती. 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात सॉक्रेटिस म्हणतो, की होमरनं अकिलीसला रडताना दाखवलं आहे ते मुलांच्या पुस्तकांतून काढून टाकलं पाहिजे. पॅट्रोक्लस मेल्याचं कळल्यावर अकिलीस डोक्यावर राख-धूळ ओतून घेतो, जमिनीवर लोळतो, ते सगळं. कारण थोरामोठ्यांना रडताना पाहिलं की तरुणांना रडण्याची लाज वाटेनाशी होते. पुढे दहाव्या भागात तो याहून बारीक गोष्ट सांगतो: दुसऱ्याच्या दुःखावर रडायची चटक लागली की स्वतःच्या दुःखात माणसाला आवरता येत नाही. गंमत पाहा, मंडळी. प्लेटोला ज्या अश्रूंची धास्ती वाटली ते अकिलीसचेच अश्रू, त्याच पॅट्रोक्लससाठी, आणि चोवीसशे वर्षांनी आमच्या दिवाणखान्यात आले तेही तेच.

पण प्लेटोनं फक्त धोका सांगितला. ते अश्रू पुस्तकाकडे का नेतात, याचं उत्तर आम्हाला आपल्या घरच्या शास्त्रात सापडलं. भरतानं रसाच्या निष्पत्तीला तीन गोष्टी सांगितल्या: विभाव, म्हणजे भावनेचं कारण. अनुभाव, म्हणजे ती भावना अंगावर दिसते ती. आणि व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन जाणाऱ्या लहानसहान लहरी. अश्रू, रोमांच, आवाज फुटेनासा होणं हे सात्त्विक भाव, ते दिसणाऱ्या बाजूचे. आता तो व्हिडिओ पाहा. त्यात फक्त अश्रू आहेत, कारण अजिबात नाही. कारण कुठे आहे? पुस्तकात. नैयायिकांचा लाडका दाखला घ्या. डोंगरावर धूर दिसतो, अग्नी दिसत नाही. म्हणून माणूस म्हणतो, तिथे अग्नी असणार. नाट्यातला रस प्रेक्षक अनुमानानं ओळखतो असं शंकुकानं मांडलं होतं. अभिनवगुप्तानं ते खोडून काढलं, आणि रसाच्या बाबतीत खोडणं बरोबरच होतं. रडणारी मुलगी पाहून आम्हाला करुण रस आला नाही, नातीलाही आला नव्हता. पण अनुमान झालं. अमुक पानांमध्ये असं काही आहे, की त्यानं माझ्यासारखीच एक मुलगी अशी मोडून पडते. ते काय आहे, हे पाहायला डोंगर चढावा लागतो.

ट्रेलर याच्या बरोबर उलटं करतो. तो विभाव देऊन बसतो: कुरण, मेंढरं, ढोल. कारण सगळं पुढ्यात, परिणाम कुणावरच नाही. अग्नीचं चित्र दाखवलं, धूर नाही. कोण कशाला उठेल?

म्हणून, मंडळी, ज्या प्रकाराला आम्ही कार्यकारिणीत 'पोरखेळ' म्हणालो होतो तो 'कलात्मक' प्रकारापेक्षा जास्त प्रामाणिक निघाला. तो पुस्तकाची नक्कल करत नाही. आपल्यावर काय झालं एवढंच सांगतो आणि पुस्तक पुस्तकाच्या जागी राहू देतो. हे मान्य करताना आम्हाला त्रास झाला.

तरी ही वाट फार लांब जात नाही. एक तर, धुकं धुरासारखं दिसतं. रडण्यानं पुस्तक खपतं हे प्रकाशकांना कळलं, तेव्हापासून असे व्हिडिओ करणाऱ्यांकडे पुस्तकं फुकट जाऊ लागली, पैसेही जाऊ लागले. मग कोणते डोळे खरे ओले आणि कोणते कामापुरते, हे बघणाऱ्यानं कसं ओळखायचं? आणि त्याहून मोठी अडचण अशी, की अश्रू फक्त अश्रूंचंच पुस्तक विकू शकतात. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'वर कोण रडून दाखवणार? त्या पुस्तकात बारा महिने आहेत, झाडं आहेत, आकाश आहे. वाचून माणूस खिडकीशी जाऊन उभा राहतो. त्याचा व्हिडिओ कसा करायचा? आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांचं तर बोलायलाच नको. ती वाचून फार तर डोकं दुखतं.

आणखी एक. अश्रूंशी वाद घालता येत नाही. ती मुलगी रडली. बरं. मी नाही रडलो. आता पुढे काय बोलणार?

इथे आम्हाला पुन्हा प्लेटोकडे जावं लागलं, वेगळ्या दारानं. 'फीड्रस' नावाचा त्याचा संवाद आहे. मोबाइलच्या विरोधात भाषण करणारा प्रत्येक प्राध्यापक या संवादाच्या शेवटची गोष्ट सांगतो: थ्यूथ नावाचा देव लिपी शोधून इजिप्तच्या थामुस राजाकडे नेतो, आणि राजा म्हणतो, यानं माणसांची स्मरणशक्ती जाईल. आम्हीही ती गोष्ट निदान पन्नास भाषणांत वापरली असेल. पण संवाद सुरू कसा होतो, ते आम्ही कधी सांगितलं नाही, आणि आपल्या विषयाचं जे आहे ते सगळं तिथे आहे.

फीड्रस हा तरुण मुलगा लिसियस नावाच्या नामवंत भाषणकाराकडे सकाळपासून बसून आला आहे. लिसियसनं प्रेमावर लिहिलेलं एक भाषण त्याला भलतंच आवडलं आहे. वाटेत सॉक्रेटिस भेटतो, म्हणतो, सांग काय होतं ते. फीड्रस आढेवेढे घेतो. मला काय शब्दन् शब्द येणार? पण मुद्दे सांगतो, एकामागून एक, थोडक्यात. सॉक्रेटिसचं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे जातं. वस्त्राखाली काय लपवलं आहेस? ते भाषणच असणार. मग तू समोर असलेल्या लिसियसला सोडून माझ्यावर आपली तालीम करतोस होय! ते बाहेर काढ आणि वाच. दोघं इलिसस नदीकाठी जातात, एका मोठ्या झाडाच्या सावलीत बसतात. सॉक्रेटिस कधी गावाबाहेर न पडणारा माणूस. तो कबूल करतो, की भुकेल्या जनावरापुढे पाला हलवत त्याला नेतात तसं तू पुस्तक पुढे धरून मला हवं तिथे नेशील.

तरुणाला पुस्तकाकडे कसं न्यायचं, हा आजचा आपला प्रश्न. प्लेटोच्या इथे तरुणच म्हाताऱ्याला नेतो आहे. आणि आमिष काय? सारांश नाही, फीड्रसचे चमकणारे डोळे नाहीत, तालमीत घोटलेलं सादरीकरण तर नाहीच. प्रत्यक्ष गुंडाळी. ऐकल्यावर सॉक्रेटिस त्या भाषणावर बेहद्द खूश झाला का? मुळीच नाही. पुढे तो म्हणतो, सुरुवात पुन्हा वाच. फीड्रस वाचतो. पुन्हा एकदा वाच. आणि त्या चार ओळींवरून दाखवतो, की लिसियसनं प्रेम म्हणजे काय हे आधी सांगितलंच नाही, शेवटाकडून सुरू करून तो उलटा पोहतो आहे. वाद घालता आला, कारण ओळी समोर होत्या.

(याच फीड्रसला प्लेटो 'सिम्पोझियम'मध्येही आणतो आणि तिथे तो अकिलीस-पॅट्रोक्लसवरच बोलतो. दोघांत प्रेम करणारा कोण आणि ज्याच्यावर प्रेम केलं तो कोण, हे नाटककार एस्किलसला कळलं नाही म्हणतो. आम्ही हे नातीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, म्हणजे तेव्हापासून लोक यावर भांडतायत! तिच्या चेहऱ्यावर रडण्यापेक्षा वेगळं काही तरी होतं. असो.)

आता कबुली द्यायची वेळ आली. आम्ही एका महाविद्यालयात एकतीस वर्षं प्लेटो शिकवला. आमच्या चाळीस पानी हस्तलिखित नोट्स होत्या. मुद्देसूद, उपमुद्देसूद. फाटकाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्यांची मूळ प्रत कायम असायची, आणि जून महिन्यात तो आमच्याकडे पाहून जरा जास्तच आदरानं हसायचा. मागच्या वर्षी एका लग्नात एक माजी विद्यार्थी भेटला, आता मोठ्या हुद्द्यावर आहे. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, तुमच्या नोट्स म्हणजे काय सांगू! त्यांच्यामुळे प्लेटो वाचावाच लागला नाही." तो हे कृतज्ञतेनं म्हणाला. आम्ही "छान, छान" म्हणालो आणि जिलबीकडे वळलो.

मूळ संवाद वर्गात किती वेळा वाचला? एकतीस वर्षांत एकदाही सलग नाही. तुकडे, तेही आमच्या मुद्द्याला पुरावा म्हणून. म्हणजे पाच मिनिटांत पुस्तकाचं सार सांगणारे जे व्हिडिओ आज मुलं पाहतात आणि आमच्या वयाचे लोक नाकं मुरडतात, तो धंदा आम्ही पडदा नसताना केला. पगार घेऊन केला. फीड्रससारखे आम्ही तालीम करत होतो आणि पुस्तक वस्त्राखाली होतं. फरक एवढाच, की आमच्या वर्गात ते बाहेर काढ म्हणणारा सॉक्रेटिस कधी बसला नाही. किंवा बसला असेलही मागच्या बाकावर, आम्ही त्याला विचारायची संधी दिली नाही.

त्यामुळे व्हिडिओ वाईट की चांगला, हा प्रश्न आम्ही सोडून दिला आहे. व्हिडिओत पुस्तक उघडलं जातं का, एवढंच आम्ही पाहतो.

उघडणारे लोक आहेत. जॉन ग्रीन हे अमेरिकन कादंबरीकार आणि त्यांचे भाऊ 1 जानेवारी 2007 पासून यूट्यूबवर एकमेकांना व्हिडिओ-पत्रं पाठवत आले. 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' जानेवारी 2012 मध्ये यायची होती, त्याच्या आधी ग्रीन यांनी पहिलं प्रकरण कॅमेऱ्यासमोर चक्क वाचून दाखवलं. एक माणूस, हातात कागद. पहिल्या आवृत्तीच्या दीड लाख प्रतींवर त्यांनी सह्या केल्या, त्याची चर्चा जास्त झाली. आमच्या मते महत्त्वाचं ते वाचणं. कॅन्सर झालेल्या सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट. ती विकायला अश्रूच पुढे करणं किती सोपं होतं! त्यांनी आधी तिचा आवाज ऐकवला, आणि तो आवाज तिरकस आहे, हसवणारा आहे.

आणि हे आपल्याला परकं आहे का? व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार ही तीन माणसं महाराष्ट्रभर कथाकथन करत फिरली. गावोगावच्या मैदानांत, शाळांच्या पटांगणात. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मर्ढेकरांच्या कविता वाचायला बसले, तेव्हा रंगमंचावर त्या दोघांशिवाय आणि कवितांशिवाय काय होतं? मर्ढेकर दुर्बोध, असं आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केलं होतं. वाचन ऐकून आलो आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक शोधायला गेलो. कुणी अर्थ सांगितला नव्हता, कविता नीट वाचली होती, श्वास कुठे घ्यायचा ते कळलं होतं.

तर मागच्या महिन्यात आम्ही चिटणिसांकडे गेलो, ठराव हरलेल्या माणसाकडे जिंकलेल्यानं जावं तसं, म्हणजे जरा अवघडून. म्हणालो, एक व्हिडिओ करू. ढोल नको, मेंढरं नकोत. 'बनगरवाडी'चं एक पान कुणी तरी वाचेल आणि मध्येच थांबेल. प्रकाशकांची परवानगी काढायची. ते म्हणाले, "सर, तुम्हीच वाचा." आम्ही म्हणालो, आमचा आवाज वर्गातला आहे, ऐकून मुलं वह्या काढतील. शेवटी वाचनालयात झाडलोट आणि पुस्तकं लावायला येतो तो एकोणीस वर्षांचा मुलगा वाचायला बसला. त्याचं घर माणदेशातलं. 'वाघर', 'कोकरू', 'वाडा' हे शब्द त्यानं असे उच्चारले, की आम्हाला पहिल्यांदा कळलं की आम्ही ते आयुष्यभर पुस्तकी उच्चारत होतो. एका जागी तो अडखळला, मागे गेला, ओळ पुन्हा वाचली. चिटणीस म्हणाले, हे कापू या. आम्ही म्हणालो, राहू दे. वाचणारा माणूस मागे जातोच. रीलमध्ये बोट वरच सरकतं, म्हणून निदान हे दिसू दे.

तीन मिनिटं दहा सेकंदांचा व्हिडिओ. पाहिला किती जणांनी? फार नाही. पांढऱ्या मेंढरांचा याच्या चौपट लोकांनी पाहिला होता, हे चिटणिसांनी आम्हाला आवर्जून सांगितलं आणि ते सांगायलाच हवं होतं. पण पुढच्या पंधरा दिवसांत तीन मुलं पुस्तक मागायला आली. सहा वर्षांनी पहिला शिक्का पडला. पहिल्या मुलीनं पुस्तक नेलं. दुसरा आला, त्याला सांगितलं, बाहेर आहे. तिसरी आली, तिलाही तेच. आमच्याकडे 'बनगरवाडी'ची एकच प्रत आहे, आणि तिची चौदा ते सतरा पानं सुटी झाली आहेत. दुसऱ्या मुलानं नाव नोंदवलं. तिसरी पुन्हा आलेली नाही.

या तिसऱ्या मुलीचा विचार आमच्या डोक्यातून जात नाही. भूक लावायची सगळी खटपट केली आणि पान मांडलंच नाही. वाचनालयांच्या, शाळांच्या सभांमध्ये मुलांना आकर्षित कसं करायचं यावर तासन् तास बोलणं होतं. आकर्षित झालेलं मूल दारात आलं तर त्याच्या हातात काय द्यायचं, यावर आम्हीही त्या सभेत बोललो नव्हतो. पुस्तकं की व्हिडिओ असा ठराव होता आणि आम्ही पुस्तकं म्हणून हात वर केला. कुठली पुस्तकं, किती प्रती, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या सभेत चिटणीस आणि आम्ही मिळून नवा ठराव मांडतो आहोत. रकमेचा लहान हिस्सा वाचून दाखवण्याच्या व्हिडिओंसाठी, आणि जे पुस्तक वाचू त्याच्या पाच प्रती आधी कपाटात. म्हणजे चाळीस वेगवेगळी पुस्तकं येणार नाहीत, सातच येतील. हे ऐकून ग्रंथपाल नाराज आहेत आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. वाचनालय म्हणजे सात पुस्तकांचं दुकान नव्हे. ज्या पुस्तकाचं पान कुणी वाचून दाखवणार नाही ते कुणी घ्यायचं, असं त्या विचारतात. त्यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही. दोन सभासद कुंपणावर आहेत. नातीनं पुढचा व्हिडिओ करायचं कबूल केलं आहे. ती 'ऋतुचक्र' वाचणार म्हणते, त्यातला कुठला महिना ते ठरलेलं नाही.

आमचं बोलणं इथे थांबवतो. समोर बरीच तरुण मंडळी दिसताहेत. प्रश्न आधी त्यांचे घेऊ, आणि ज्यांनी आज सोबत एखादं पुस्तक आणलं असेल त्यांनी ते पिशवीतून बाहेर काढलं तरी चालेल.